कोणाचं उष्टं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. माझं माहेर तिथल्या महाल भागातलं, त्यामुळे मारबत चुकवणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ पाप. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे त्या त्या वर्षीच्या पुढाऱ्यांचे आणि महागाईचे पुतळे, म्हणजे बडगे, आणि रस्ताभर एकच आरोळी : "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गेऽऽ मारबत!" १८८०च्या दशकापासून हे शहर आपली दुखणी अशी एका पुतळ्याच्या माथी मारून त्याला जाळून मोकळं होतं. मला ही पद्धत फार सोयीची वाटत आली आहे. कोणाच्या तरी माथी मारलं की निम्मं दुखणं गेलंच.

दोन वर्षांपूर्वी लेक मारबतीला आली नाही. सतरा वर्षांची, बारावीत, आणि कबड्डीत डावा कोपरा सांभाळणारी पोट्टी. एरवी महालात जायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभी. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जा, मी झोपून राहिली." संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हाही ती झोपलेलीच होती. अंग गरम. "घसा दुखून राहिला," एवढं बोलली आणि कूस वळली.

घसा आणि ताप. ऑगस्टच्या शेवटी, पावसात दोन-दोन तास मैदानावर लोळणाऱ्या मुलीला दुसरं काय होणार? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळद-दूध, पॅरासिटामॉल. तिसऱ्या दिवशी टॉर्च लावून घसा बघितला, तर दोन्ही टॉन्सिलवर पांढरट साय धरल्यासारखी. आणि इथे मी ती गोष्ट केली, जी मी सांगणार नव्हते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन महिन्यांपूर्वी माझ्या दाढेचं रूट कॅनाल झालं होतं. त्यातल्या अमॉक्सिसिलिनच्या सहा कॅप्सूल फडताळातल्या डब्यात उरल्या होत्या. "पांढरं दिसतं म्हणजे इन्फेक्शन, इन्फेक्शन म्हणजे अँटिबायोटिक," असं मी स्वतःलाच समजावलं आणि तिला सुरू केल्या. आपल्या घराघरांत असा डबा असतो, आणि प्रत्येक घरात एक बिनडिग्रीचा डॉक्टर. आमच्या घरातला मी.

सासूबाईंनी मान पाहिली. त्या मूळच्या काटोलकडच्या, वय ७६, आणि डोळे माझ्यापेक्षा चांगले. "काहून वं, पोट्टीची मान अशी काहून दिसून राहिली? हे तर अवधाण आलं." केस वर करून त्यांनी माझी बोटं तिच्या मानेवर ठेवली. कानामागून खाली, मानेच्या मागच्या कडेने, ओळीने गाठी लागत होत्या. एखादी बोराएवढी, एखादी सुपारीएवढी. डोळ्यांच्या पापण्याही सुजलेल्या, रात्रभर रडून उठल्यासारख्या. आवाज असा, की तोंडात गरम भजं धरून बोलते आहे. आणि झोप. जेवणाला उठवलं तर दोन घास गिळून ताटावरच डुलक्या.

घराजवळच्या दवाखान्यात नेलं. नागपुरात त्या दिवसांत तापाचा माणूस दवाखान्यात शिरला की पहिला शब्द डेंग्यू. त्यात चूक काहीच नाही, कूलरच्या टाक्या आणि गच्चीवरच्या टायरांनी आम्ही डास पाळतो म्हटलं तरी चालेल. एनएस-१ निगेटिव्ह आली. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह. प्लेटलेट मात्र १ लाख १२ हजार. हा आकडा घरात येताच काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. तासाभरात कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी किवी, एका दिरांनी तर बकरीच्या दुधाचा पत्ता शोधून ठेवला. मुलीला थुंकी गिळता येत नाही, तिला पपईच्या पानांचा रस पाजायला निघालेले लोक! तो रस मीच मोरीत ओतला. तेवढं एक शहाणपण माझ्या नावावर जमा करा.

पाचव्या दिवशी धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. धंतोलीत दर चौथ्या दारावर पाटी असते, पण या बाईंची खासियत अशी की त्या रिपोर्ट बाजूला ठेवून आधी माणूस बघतात. बगल पाहिली, कमरेचा नाडा सैल करून तिथली कातडी पाहिली, गुडघ्यामागे पाहिलं. "काळी खपली शोधते आहे, सिगारेटचा चटका बसल्यासारखी," म्हणाल्या. स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची खूण. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर-विदर्भात त्या आजाराने माणसं दगावली होती, तेव्हापासून इथले जाणते डॉक्टर तापाच्या माणसाचे कपडे सैल करून बघतात. खपली नव्हती. मग टाळूवर उजेड पाडून त्यांनी मला दाखवलं : टाळूच्या मऊ भागावर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके. मग मानेवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "गाठी पुढे कमी, मागे जास्त आहेत, लक्षात आलं का?" साध्या जंतूंच्या घशात, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच्या, जबड्याखालच्या पुढच्या गाठी सुजतात. मागच्या ओळीच्या गाठी, न संपणारी झोप आणि सुजल्या पापण्या एकत्र आल्या की डोक्यात दुसरंच नाव यावं.

मग पोट. मुलीला दीर्घ श्वास घ्यायला लावून डाव्या बरगडीखाली त्यांनी हळूच बोटं सरकवली, अगदी हळू, झोपलेल्या बाळाचं लंगोट तपासावं तशी. "पांथरी लागते आहे."

पांथरी हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. माझ्या आजीच्या तोंडी असायचा, हिवतापाच्या माणसांबद्दल. आता सगळे स्प्लीन म्हणतात. सोनोग्राफीत ती १४ सेंटिमीटर निघाली, साधारण १२च्या आत असते. रक्तात पांढऱ्या पेशी १४ हजार, त्यातल्या ६४ टक्के लिम्फोसाइट, आणि काचपट्टी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने खाली हाताने लिहिलं होतं की त्यातल्या बऱ्याच पेशी नेहमीच्या रूपाच्या नाहीत, मोठ्या आहेत, पसरट आहेत. सगळ्या गडबडीत मी फक्त प्लेटलेटचा आकडा वाचला होता. खरी गोष्ट त्या हाताने लिहिलेल्या ओळीत होती. यकृताचे आकडेही थोडे चढलेले. घरी "कावीळ" सुरू झालं, पण डोळे पिवळे नव्हते. या आजारात यकृताला थोडी झळ बहुतेकांना लागते, डोळे पिवळे होण्यापर्यंत फार थोड्यांचं जातं.

इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस. "मोनो म्हणा," डॉक्टर म्हणाल्या, "एवढं लांब नाव पेशंटलाही पेलत नाही." एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूमुळे होणारा. थुंकीतून जातो. त्यांनी मोनोस्पॉट म्हणून एक चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. त्यांना नवल वाटलं नाही, पहिल्या आठवड्यात चारातल्या एका रुग्णात ती अशीच चकवते. या चाचणीचा जन्म १९३२चा, पॉल आणि बनेल या दोघांच्या निरीक्षणातून : या रुग्णांच्या रक्तात अशा काही अँटिबॉडी तयार होतात, की मेंढीच्या तांबड्या पेशी त्यांच्यापुढे आल्या की गोळा होऊन बसतात. विषाणूशी मेंढीचा काडीचा संबंध नाही, तरी! आता मेंढीऐवजी बहुधा घोड्याच्या पेशी वापरतात. आणि त्याच अँटिबॉडी बैलाच्या तांबड्या पेशींनाही चिकटतात, हे वाचलं तेव्हा आमच्या दारावर पोळ्याचं तोरण अजून लटकत होतं.

पक्कं निदान दुसऱ्या रक्ततपासणीने झालं. विषाणूच्या कवचाविरुद्धच्या आयजीएम अँटिबॉडी पॉझिटिव्ह, आणि ईबीएनए निगेटिव्ह. ही दुसरी अँटिबॉडी आजार झाल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी उगवते आणि जन्मभर राहते. ती नाही, याचा अर्थ पाहुणा नवा आहे.

रिपोर्ट यायच्या आधीच सातव्या दिवशी सकाळी तिच्या अंगावर पुरळ उठलं. पाठ, पोट, हात, सगळं गोवर निघाल्यासारखं लाल आणि खाजरं. मी पुन्हा धंतोलीला. डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं अँटिबायोटिक दिलं?" आधीच्या दवाखान्यातून काही दिलेलं नव्हतं. मी गप्प. मग लेकच बोलली, भज्यातून, "आईच्या दाढेचं." मोनो असताना अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पोटात गेलं की अनेकांना असं पुरळ येतं, हे डॉक्टरीच्या पोरांना पहिल्याच खेपेला शिकवतात म्हणे. विषाणूवर त्या औषधाचा शून्य उपयोग, वर ही भेट. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एक गोष्ट त्यांनी मुद्दाम फाइलवर लिहिली : हे पुरळ मोनोमधलं आहे, यावरून मुलीला पेनिसिलिनची ऍलर्जी आहे असं धरू नये. नाहीतर पुढे आयुष्यभर प्रत्येक दवाखान्यात ती "ऍलर्जी आहे" म्हणून सांगत फिरली असती आणि गरज असताना चांगलं औषध तिला मिळालं नसतं. सहातल्या उरलेल्या दोन कॅप्सूल मी औषधाच्या दुकानात नेऊन दिल्या.

पण माझी मोठी चूक ही नव्हे.

रिपोर्टचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला होता. रात्री पुण्याच्या एका नणंदेचा निरोप आला, शेवटी डोळा मारणारं पिवळं तोंड : "अगं, हा तर किसिंग डिसीज!" मग मी शोधलं. खरंच तेच नाव. १९५५मध्ये हॉगलंड नावाच्या अमेरिकेतल्या लष्करी डॉक्टरने तिथल्या अकादमीतल्या तरुण विद्यार्थ्यांच्या आजारावरून मांडलं, की हा रोग चुंबनातून जातो. तेव्हापासून ते नाव जे चिकटलं ते चिकटलं. आधीची नावं बिचारी सोज्वळ होती. १८८९मध्ये फायफर नावाच्या जर्मन डॉक्टरने त्याला "ग्रंथींचा ताप" म्हटलं होतं, आणि आजचं लांबलचक नाव १९२०मध्ये स्प्रंट आणि इव्हान्स यांनी तरुण रुग्णांच्या रक्तातल्या पेशी पाहून ठेवलं. ग्रंथींचा ताप हेच चाललं असतं तर त्या रात्री मी झोपले असते.

मी झोपले नाही. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत या विषाणूला चार ते सहा आठवडे लागतात, असं वाचलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन मी मागे मोजत गेले. जुलैचा मधला पंधरवडा. त्यात काय होतं? एका मैत्रिणीचा वाढदिवस, रात्री साडेनऊला घरी आली होती. कबड्डीचं शिबिर. शिकवणीतल्या मुलामुलींची अंबाझरीची चक्कर. मग मी तिच्या खोलीत गेले. तिच्या मोबाइलचा पॅटर्न मला माहीत होता, तो तिने कधी लपवलाच नव्हता. कबड्डीचा ग्रुप, शिकवणीच्या नोट्स, एका मुलाने फिजिक्सच्या प्रॅक्टिकलबद्दल विचारलेलं आणि शेवटी चंद्राचं चित्र. त्या चंद्राकडे मी किती वेळ बघत बसले कोण जाणे.

"काय शोधून राहिली तू?"

ती जागी होती. मी म्हटलं, "वेळ बघत होते." समोर भिंतीवर घड्याळ आहे, चांगलं मोठं, रात्री अंधारात चमकणारं.

ती काही बोलली नाही. हात पुढे केला, मोबाइल घेतला, उशीखाली ठेवला.

पुढच्या खेपेला ती सोनोग्राफीच्या रांगेत असताना मी डॉक्टरांना हळूच विचारलं, "हिला हे कोणाकडून आलं असेल?" माझ्या आवाजातलं त्यांना कळलं असणार. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडूनही आलं असेल."

मला वाटलं, कॅप्सूलवरून टोमणा आहे. तसं नव्हतं. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा विषाणू असतो. एकदा आला की जात नाही, रक्तातल्या 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये जन्मभर मुक्काम करतो. आपल्याला पत्ताही नसतो, आणि अधूनमधून तो थुंकीत उतरतो. धडधाकट, हसत्याखेळत्या माणसाच्या थुंकीत. नुकत्याच आजारी पडलेल्याच्या थुंकीत तर बरं झाल्यावरही कित्येक महिने. शिबिरातली पाण्याची एकच बाटली, गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर दोघींत एक द्रोण, मैत्रिणीची चाटून दिलेली कुल्फी, माझा अर्धा चहा. कोणाचं नाव घेणार? "या आजारात चोर शोधू नका," त्या म्हणाल्या, "सगळी वस्तीच निघेल."

आणि मग विषय निघाला उष्ट्याचा.

आपल्याकडे बहुतेक मुलांना हा विषाणू पाच-सहा वर्षांच्या आतच गाठतो, आणि त्या वयात तो आला काय, गेला काय. थोडा शेंबूड, एखादा ताप, बस. आईने चाखून भरवलेला वरणभात, भावाचा अर्धा लाडू, पाळण्यातल्या बाळाच्या तोंडातली चोखणी खाली पडली की आजीने स्वतःच्या तोंडात घालून "धुतलेली". माझ्या लहानपणी महालातल्या वाड्यात आम्ही सात पोरं एका परातीत चिवडा खायचो. शाळेत मात्र उष्टं चालायचं नाही, म्हणून कैरीवर फ्रॉकचा कोपरा धरून चिमणीच्या दाताने तोडायची. त्या पातळ सुती कापडातून किती थुंकी पाझरत असेल! तरी आम्हाला ते शंभर टक्के सोवळं वाटायचं. माझ्या अंगात तो विषाणू तेव्हाच कधीतरी, कैरीच्या फोडीबरोबर, शिरला असणार. मला कधी काही झालेलं आठवत नाही.

लेकीच्या वेळी मी शहाणी झाले होते. ती सहा महिन्यांची असताना सासूबाईंनी भाकरीचा तुकडा चावून मऊ करून तिच्या ओठाला लावला, तेव्हा मी हात धरला. "आई, उष्टं नका भरवू, जंतू असतात." त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर कितीतरी दिवस तिला भरवायला बसल्या नाहीत. मी तिची वाटी वेगळी ठेवली, चमचा वेगळा, पुढे शाळेची बाटली वेगळी, त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी. आणि अशा घरांतली मुलं या विषाणूला बालपणी चुकवतात आणि पंधराव्या-अठराव्या वर्षी, मैत्रिणींच्या राज्यात शिरल्यावर, गाठतात. त्या वयात पहिल्यांदा भेट झाली की निम्म्यापर्यंत मुलांना हा असा आडवा करणारा आजार होतो. विषाणू तोच, फरक आपल्या सैन्यात. काचपट्टीवरच्या त्या मोठ्या पसरट पेशी विषाणू शिरलेल्या नव्हेतच. विषाणू बसतो बी पेशींत. त्यांना मारायला धावलेल्या या टी पेशी. लग्नघरात चोर एकच शिरावा आणि त्याला धरायला धावलेल्या पाहुण्यांनी मांडव पाडावा, तसा ताप, तशा गाठी, तशी पांथरी.

हे मी सासूबाईंना सांगितलं, जमेल तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सतरा वर्षांचं व्याज एकदम वसूल केलं. "मंग? म्या चारही पोट्ट्याइले चाऊन भरवलं. एकाची तरी मान सुजली का?"

माझ्याकडे उत्तर होतं. दात किडवणारे जंतूही मोठ्यांच्या तोंडातूनच बाळाकडे जातात, आणि त्यांच्या चारही पोट्ट्यांच्या दाढांचं मला ठाऊक आहे, त्यातला एक माझा नवरा. आज पुन्हा बाळ हातात दिलं तरी मी उष्टं भरवू देणार नाही. पण ते मी त्या दिवशी बोलले नाही. त्यांचा दिवस होता.

रात्री मात्र मी वाचत राहिले, आणि रात्रीचं वाचन वाईट. एपस्टाईन-बार लिहिलं की दुसऱ्या ओळीत कॅन्सर येतो. १९६१मध्ये बर्किट नावाच्या शल्यविशारदाने लंडनमध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यांच्या गाठींवर भाषण दिलं. ते ऐकायला बसलेल्या अँथनी एपस्टाईन यांनी ठरवलं, की यामागे विषाणू असणार. युगांडातून विमानाने गाठींचे तुकडे यायचे. एकदा धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरवावं लागलं, नमुना पोहोचला तेव्हा त्यातलं पाणी गढूळ झालेलं. नासला म्हणून दुसऱ्या कोणी फेकून दिला असता. त्यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तो गढूळपणा म्हणजे सुट्या होऊन तरंगणाऱ्या जिवंत गाठीच्या पेशी. त्यातून पेशी वाढवता आल्या, आणि १९६४मध्ये एपस्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी त्यांच्यात विषाणू दाखवला. पण हाच विषाणू मोनो करतो हे कळलं ते एका आजारपणामुळे. फिलाडेल्फियात हेन्ले पतिपत्नींच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ, जिच्या रक्तात या विषाणूच्या अँटिबॉडी नाहीत हे तपासून ठेवलेलं होतं, ती मोनोने आजारी पडली. परत आली तेव्हा रक्तात अँटिबॉडी हजर. १९६८मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. त्या मुलीला कोणी विचारलं असेल का, कोणाचं उष्टं खाल्लंस म्हणून?

कॅन्सरबद्दल डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विषाणू जवळजवळ सगळ्यांत, ते आजार फार थोड्यांत. नुसता विषाणू पुरत नाही, सोबत बरंच काही लागतं." आफ्रिकेतल्या त्या गाठींमागे मलेरियाचाही हात असतो. २०२२मध्ये अमेरिकी सैनिकांच्या वर्षानुवर्षं साठवलेल्या रक्तावरून मल्टिपल स्क्लेरोसिसशी याचं नातं पक्कं दिसलं, पण तो आजारही विषाणू असलेल्या हजारोंतल्या एखाद्यालाच. "तुम्हाला हे सगळं लागू आहे, मलाही आहे. मी झोपते," असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

औषध असं नव्हतंच. विषाणूवरच्या गोळ्यांनी यात काही फरक पडत नाही, आणि घसा सुजून श्वास अडायला लागला तरच स्टेरॉइड. तापाला पॅरासिटामॉल मोजून, कारण यकृत आधीच कुरकुरत होतं. ऍस्पिरिन अजिबात नाही. काढेही बंद, त्याच यकृतासाठी. गिळायला जमेल ते : भाताची पेज, थंड ताक, मऊ खिचडी, फ्रिजमधलं कस्टर्ड. सासूबाईंना संत्र्याचा रस द्यायचा होता, पण अंबिया बहाराला अजून अवकाश होता आणि आंबट घशाला झोंबलं असतं, तेव्हा निसर्गाने माझी बाजू घेतली. तिला कोंडून ठेवायचं कारण नाही, बरं वाटेल तेव्हा कॉलेजात जाऊ दे, फक्त बाटली-चमचा वेगळा. हे ऐकून मला हसू आलं. बाटली वेगळी ठेवण्यात तर माझा हात कोणी धरू शकत नाही.

खरी लढाई कबड्डीची. जिल्ह्याची निवड सप्टेंबरच्या अखेरीला होती. ताप दहाव्या दिवशी उतरला, घसा दोन आठवड्यांत सुटला, आणि पोट्टी म्हणाली, मी ठीक आहे. डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. सुजलेली पांथरी बरगडीच्या आडोशातून बाहेर आलेली असते आणि ठिसूळ असते. हजारात एखाद्याची, फार तर पाचांची फुटते, पण फुटली की पोटात रक्त. बहुधा पहिल्या तीन आठवड्यांतच, कधी काही न लागताही. "पकड म्हणजे काय? चार मुली तुझ्या पोटावर. मी परवानगी देणार नाही." डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली, डाव्या खांद्यात दुखायला लागलं, चक्कर आली, तर फोन करत बसायचं नाही, सरळ मोठा दवाखाना, हे त्यांनी तिलाच पाठ करायला लावलं. श्वासाला त्रास किंवा थुंकीही गिळता न येणं, त्यालाही तोच नियम. जड उचलायचं नाही. निवड गेली. रडली नाही. त्या रात्री जर्सी धुऊन, घडी करून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, जिथे स्वेटर असतात.

थकवा मात्र दिवाळीपर्यंत पुरला. एका जिन्यात दमून बसायची. घरात "आळस" हा शब्द दोनदा निघाला, दोन्ही वेळा पुरुषांच्या तोंडून. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत बरं वाटतं, पण थकवा काहींना महिनोन्महिने सोडत नाही. अभ्यास ती तासातासाचे तुकडे करून करत होती. मी मध्येच खोलीत जायचे, आणि प्रत्येक वेळी दारावर टकटक करायचे. आमच्या घरात पूर्वी दारावर कोणी टकटक करत नसे.

एकदा मी म्हटलं, "त्या रात्रीचं..." ती म्हणाली, "जाऊ दे ना आई." आणि पुस्तकात पाहत राहिली. माफी मागायची तर पूर्ण वाक्य लागतं, आणि मला ते अर्धंच जमलं. चंद्राच्या चित्राबद्दल मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

नोव्हेंबरात पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत पांथरी ११ सेंटिमीटर निघाली, डॉक्टरांनी आधी पळायला, मग खेळायला हो म्हटलं. रस्तोरस्ती संत्र्यांचे ढीग लागले होते. पहिल्या दिवशी मी मैदानावर गेले, नको म्हणत असतानाही, आणि तिची बॅग मांडीवर घेऊन कठड्यावर बसले. तिने चढाई घेतली. दम पुरला नाही, मध्यरेषेच्या अलीकडेच आवाज तुटला, पोरींनी धरली. चौघी तिच्या पोटावर. मी उभी राहिले. ती उठली, माती झटकली, हसली. कोणीतरी बाटली फेकली, तिने तोंड लावून प्यायली आणि तशीच पुढे दिली.

बॅगेत तिचा मोबाइल वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. पॅटर्न तिने बदलला आहे, मला माहीत नाही. स्क्रीनवरचं नाव बघायला पॅटर्न लागत नाही, नुसती चेन उघडली की दिसलं असतं. मी बॅग कठड्यावर ठेवली आणि दोन संत्री घ्यायला गाडीकडे गेले.